जुन्या घराचा माळा राहायला करता येईल का? आधी काय बघायचं? (पंचवटी, नाशिक)

गंगाघाटची_सून | बुधवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या.

आमचं पंचवटीत जुनं घर आहे, गंगेपासून (म्हणजे आमची गोदावरी) पायी पाच मिनिटं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि त्याच्यावर कौलाखाली माळा. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. माळ्याला लाकडी फळ्यांची जमीन आहे, पुढे एक छोटी खिडकी, मागे झरोका, मधे दोन काचेची कौलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा खालच्या खोलीतलं सगळं सामान आम्ही धावपळ करून वर नेलं, ते अजून तिथंच आहे, पूर उतरून इतकी वर्षं झाली पण सामान काही उतरलं नाही.

आता झालंय असं की मुलगी यंदा दहावीला, मी घरून काम करते, म्हणजे डायनिंग टेबलच्या एका टोकाला माझा लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला तिची गणितं, आणि मधे कुकरच्या शिट्ट्या. शिवाय २०२७ चा सिंहस्थ. पंचवटीत घर असलं की आपल्याला एकूण नातेवाईक किती आहेत ते सिंहस्थात कळतं, आत्तापासून फोन यायला लागलेत. म्हणून डोक्यात आलं की माळ्याची नीट खोली करून घ्यावी.

एक मिस्त्री येऊन बघून गेला. पाच मिनिटं वर थांबला असेल, म्हणाला होऊन जाईल ताई, जमिनीला टाइल्स टाकू, वरून पीओपी मारू, एसी लावा, तीन आठवड्यात खोली तयार. टेप त्याने खिशातून बाहेरसुद्धा काढला नाही, त्यामुळे मला जरा धाकधूक वाटतेय. सासरे म्हणतात काही होत नाही, याच माळ्यावर आम्ही वर्षाचा गहू ठेवायचो, सहा सहा पोती. नवरा म्हणतो बघू. (तो सगळ्यालाच बघू म्हणतो.)

तर कोणाला पैसे द्यायच्या आधी, माझी मी काय काय तपासू शकते? म्हणजे हे होण्यासारखं आहे की नाही एवढं तरी कळेल असं काही? खर्चाचा अंदाज आत्ता नकोय.

———

सिव्हिलवाला_पंक्या | बुधवार, रात्री ११:२५

ताई, टेप न काढणाऱ्या मिस्त्रीला परत बोलावू नका, अर्धं उत्तर इथंच झालं.

खर्चाचं आत्ता विचारलं नाहीत ते बरं केलंत, कारण लोक उलटं करतात, आधी पीओपीची डिझाइन बघतात आणि मग कळतं की उभं राहिलं की डोकं आपटतंय. तुम्ही रविवारी टेप, टॉर्च आणि एक वही घेऊन वर जा आणि एवढं मोजून इथं टाका.

पहिली गोष्ट उंची. आढ्याखाली, म्हणजे छपराच्या अगदी मधल्या लाकडाखाली, फळीपासून किती. मग जिथं छप्पर भिंतीवर टेकतं तिथं, कडेला किती. खोलीची रुंदी किती. या तीन आकड्यांवरून मी तुम्हाला घरबसल्या सांगतो की किती जागेत माणूस सरळ चालेल. मधे आडवी लाकडं असतील तर ती किती उंचीवर आहेत तेही लिहा.

दुसरं म्हणजे माळ्याची जमीन ज्याच्यावर आहे त्या तुळया. त्या खालच्या खोलीतून दिसत असतील. रुंदी किती, उंची किती, दोन तुळयांमधे अंतर किती आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत लांबी किती. रुंदी आणि उंची वेगळी लिहा हं, मिसळू नका, कारण सगळा खेळ उंचीचा आहे. तीच रुंदी ठेवून तुळईची उंची दुप्पट केली तर ताकद चौपट होते आणि लवणं आठ पटीने कमी होतं. म्हणून जुने सुतार तुळई उभी बसवायचे, आडवी नाही.

तिसरं, वर चढायला काय आहे? दादर, म्हणजे लाकडी जिना, असेल तर तो किती उभा आहे बघा. पायरीची उंची आणि पाऊल ठेवायची जागा दोन्ही मोजा. साधारण १९ सेंटिमीटरच्या वर पायरीची उंची जाऊ नये आणि पाऊल ठेवायला २५ सेंटिमीटर तरी हवेत. जुन्या घरात बहुतेक ठिकाणी याच्या बरोबर उलटं असतं.

आणि टाइल्सचा विषय डोक्यातून काढून टाका. लाकडी फळीवर मसाला आणि टाइल म्हणजे फुकटचं वजन, आणि फळी थोडी लवली की टाइल सुटणार ते वेगळंच.

———

सिडकोकर_७७ | गुरुवार, सकाळी ७:१०

मी अनुभवातून सांगतो. आमचं सिडकोत रो हाऊस, वर पत्र्याची खोली काढली होती भावाच्या लग्नाच्या वेळी. हौसेने रंग दिला, पंखा लावला, पलंग टाकला. नवरा नवरी एप्रिलमधे दोन रात्री वर झोपले आणि तिसऱ्या रात्री गाद्या घेऊन खाली हॉलमधे 😄 नाशिकची हवा थंड म्हणून आपण फार मिरवतो पण मे महिन्यात इथंही पारा चाळिशी गाठतो हे घर बांधताना कोणाच्या लक्षात राहत नाही.

पत्र्याचं काय होतं, तो दिवसभर तापतो आणि मग वरून इस्त्री धरल्यासारखी धग खाली मारत राहतो. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर. एसी लावला तर दुपारभर तो थांबतच नाही. कौल पत्र्यापेक्षा बरं, मातीचं असतं आणि सांध्यातून हवा निघून जाते, पण तुम्ही खाली पीओपी मारून ते सांधे बंद केले की वरची गरम हवा तिथंच कोंडते. त्यामुळे सीलिंग करायचंच तर कौल आणि सीलिंग यांच्यात मोकळी जागा ठेवा, कडेने हवा आत यायला आणि आढ्यापाशी बाहेर पडायला वाट ठेवा. आम्ही शेवटी पत्रा काढून पन्नास मिलीमीटरचे पफ पॅनल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेले) टाकले, पुष्कळ फरक पडला, पण पाऊस सुरू झाला की वर फोनवर बोलता येत नाही एवढा आवाज. तुम्ही घरून काम करता म्हणून सांगतोय.

एक साधी गोष्ट करा. आत्ता उन्हाळाच आहे. बाजारातून साधा थर्मामीटर आणा, माळ्यावर बसल्यावर डोकं येतं त्या उंचीला टांगा आणि आठ दिवस दुपारी तीनला आणि रात्री दहाला आकडा लिहा. तसाच एक खालच्या खोलीत. रात्री दहाचा आकडा महत्त्वाचा, दुपारी कोणीही सोसतो. आणि जानेवारीत उलटं होणार, पहाटे सहा-सात डिग्री असतात तेव्हा कौलाच्या फटीतून जो वारा येतो तो विचारू नका.

हां, आणि छपराचा काही भाग सिमेंटच्या जुन्या पत्र्याचा असेल तर त्याला ड्रिल मारू नका, कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ फुप्फुसात गेली की गेली.

———

गंगाघाटची_सून | रविवार, दुपारी ४:०५

मोजलं एकदाचं. मी आणि मुलगी दोघी वर होतो, केसात जळमटं, हात काळे. लिहिते.

माळा १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब. आढ्याखाली ८ फूट ३ इंच. कडेला भिंतीपाशी ४ फूट ३ इंच. दोन्ही बाजूंना सारखंच. मधे आडवी लाकडं दोन आहेत, साडेपाच फुटांवर, मुलगी खालून जाते, मला मान वाकवावी लागते, नवऱ्याला कंबर.

तुळया खालून मोजल्या, चार आहेत, ४ इंच रुंद ५ इंच उंच, दोघींमधे साधारण ४ फूट, आणि १२ फुटांच्या बाजूने टाकलेल्या. सागवान आहे असं सासरे म्हणतात.

दादर आहे, पायरी जवळजवळ १० इंच उंच आणि पाऊल ठेवायला ६ इंच, त्यामुळे आम्ही सगळे तिरके पाय टाकून चढतो आणि उतरताना दोरी धरून उलटे उतरतो. हे लिहिताना पहिल्यांदा जाणवलं की किती धोक्याचं आहे, इतकी वर्षं सवयीने चाललंय.

थर्मामीटर परवा लावला. दुपारी तीनला वर ४१, खाली ३४. रात्री दहाला वर ३५, खाली ३१. पंखा नसताना.

सासऱ्यांना मी एक टनबिन हिशेब असतो म्हटलं तर म्हणाले सहा पोती म्हणजे सहाशे किलो, त्यात काय नवीन, आमच्या वेळची लाकडं आहेत ती. आता यावर मी काय बोलू? पंक्यादादा तुम्हीच सांगा.

———

सिव्हिलवाला_पंक्या | रविवार, रात्री ९:३०

वा, असे आकडे साइटवरचे लोकही देत नाहीत. चला बसतो हिशेबाला.

उंचीपासून. मधे ८ फूट ३ इंच आणि कडेला ४ फूट ३ इंच, म्हणजे सहा फुटांत चार फूट उतार. ७ फुटांच्या वर उंची पाहिजे म्हटलं तर मधे फक्त पावणेचार फूट रुंद पट्टी मिळते. १२ पैकी पावणेचार! आता त्याला खालून इन्सुलेशन आणि सीलिंग मारलं, चार-पाच इंच गेले, की ती पट्टी अडीच फुटांवर येते. अडीच फूट म्हणजे रेल्वेच्या डब्यातला बोळ. बसायला, झोपायला मात्र जागा बरीच आहे, ५ फुटांच्या वरची रुंदी पावणेदहा फूट भरते. म्हणजे बसायची जागा म्हणून ठीक, चालायची खोली म्हणून नाही. कागदावर २१६ स्क्वेअर फूट दिसतात, त्यातले सरळ उभं राहून वापरता येणारे ६५-७०.

आता तुळया. राहत्या खोलीसाठी आपल्याकडे भारतीय मानकात, आयएस ८७५ मधे, दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. म्हणजे दर स्क्वेअर फुटाला साडेअठरा किलो. एवढं वजन रोज असतं असं नाही, पण सत्यनारायण आहे, पंधरा माणसं दाटीवाटीने बसलीत, कपाट आहे, गाद्या आहेत, तेव्हा सुद्धा लाकूड हू की चू न करता उभं राहिलं पाहिजे म्हणून. तुमच्या एका तुळईच्या वाट्याला १२ गुणिले ४ म्हणजे ४८ स्क्वेअर फूट येतात. त्याचे ८९० किलो, अधिक फळ्यांचं आणि तिचं स्वतःचं वजन धरून अकराशेच्या आसपास. बारा फूट लांबीला पाच इंच उंचीची तुळई हे घेत नाही हो. चांगल्या सागाला सुद्धा जेवढा ताण सोसायला सांगतात त्याच्या बराच वर जातो, आणि लवणार ते तर डोळ्याला दिसेल. ती लगेच मोडेल असं म्हणत नाहीये, पण माळ्याची तुळई आहे ती, खोलीची नाही.

आता अण्णांचा गहू. (सासऱ्यांना अण्णाच म्हणत असाल, नाशिकमधे दर तिसऱ्या घरात अण्णा असतात.) त्यांचं खोटं नाही, फक्त एक विचारा त्यांना, पोती ठेवायचे कुठे? माझा अंदाज, भिंतीला लागून, एका ओळीत. कारण मधे ठेवली तर वावरायला जागा उरत नाही. भिंतीला लागून म्हणजे तुळईच्या टोकाशी. टोकाशी ठेवलेलं वजन सरळ भिंतीत जातं, तुळईला वाकवत नाही. आणि सहा पोती चार तुळयांवर वाटली गेली की एकीला आले दीडशे किलो. शिवाय गहू चालत नाही, उड्या मारत नाही. तेव्हाची तुळई पन्नास-साठ वर्षांनी तरुण होती हेही आहेच.

घरच्या घरी एक गंमत करून बघा. खोलीच्या मधोमध, तुळईवर येईल अशी फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवा आणि तुमच्या मिस्टरांना शेजारून नेहमीसारखं चालायला सांगा. पाणी सांडलं तर काय ते समजा. ही काही टेस्ट नाही, पण घरातल्यांना पटवायला आकड्यांपेक्षा बरी.

उपाय आहे. दर दोन तुळयांच्या मधे एक लोखंडी गर्डर टाकता येतो, साइझ स्ट्रक्चरल इंजिनियरने काढायची, मिस्त्रीने नाही. गर्डर जिथं भिंतीत टेकेल तिथं खाली काँक्रीटचा बेड ब्लॉक, कारण तुमची भिंत बहुतेक मातीत बांधलेली असणार, तिच्यावर नुसतं लोखंड टेकवलं की रुतत जातं. पण त्याच्या आधी जुन्या तुळयांची टोकं बघायला हवीत. ते सुताराचं काम, इथं कोणी आहे का?

———

रंधेवाला | सोमवार, सकाळी ६:५०

आहे. तीन पिढ्यांचं सुतारकाम आहे आमचं, वडील वाडे उतरवायचे, मी आता फर्निचर करतो पण जुनं लाकूड दिसलं की हात शिवशिवतात.

वहिनी, तुळई मधे मोडत नाही, टोकाला सडते. मधे ती सगळ्यांना दिसते, हवा लागते, कोरडी राहते. टोक मात्र भिंतीच्या आत नऊ इंच, एक फूट गेलेलं असतं, त्यावर गिलावा, त्यावर डिस्टेंपर, कोणाला दिसत नाही. वरून पन्हळ गळत असेल तर पाणी भिंतीतून उतरतं आणि थेट त्या टोकापाशी मुरतं. मग वाळवी येते. बाहेरून तुळई एकदम ठणठणीत, आणि आत नुसती पोकळी.

काय करायचं, प्रत्येक तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं आधी हातोडीच्या दांड्याने ठोका. चांगलं लाकूड टणटण बोलतं, गेलेलं बद्द वाजतं. मग जुना पेचकस घ्या, पातळ तोंडाचा, आणि भिंतीच्या अगदी कडेला, तुळईच्या वरच्या अंगाला, जोर लावून टोचा. पाव इंच गेला तर ठीक. दोन इंच गेला तर हात तिथंच थांबवा आणि त्या खोलीत कोणाला झोपवू नका, आधी खालून टेकू. आठ टोकं आहेत तुमची, आठही टोचा, सात चांगली निघाली म्हणून आठवं सोडू नका. तुळईखाली बारीक पिवळसर भुकटी पडत असेल तर तो भुंगा, तोही लिहून ठेवा.

दुसरं, ती साडेपाच फुटांवरची दोन आडवी लाकडं. हजार लोक तुम्हाला सांगतील कापून टाका, डोक्याला लागतात. कापायची नाहीत! छप्पर दोन्ही बाजूंनी खाली यायला बघतं आणि भिंतींना बाहेर ढकलतं, ती लाकडं दोन्ही बाजूंना एकमेकीला धरून ठेवतात. माझ्या वडिलांनी एका घरात बघितलंय, मालकाने खोली मोठी दिसावी म्हणून दोन्ही कापली, पावसाळ्यात कौलं भिजून जड झाली आणि भिंत वरच्या बाजूला चार बोटं बाहेर गेली. शेवटी छप्परच उतरवावं लागलं. हलवायची असतील तर आधी दुसरी सोय करून, आणि इंजिनियरला विचारून.

पारव्यांची घाण असेल तर कोरडी झाडू नका, पाणी मारून ओली करून गोळा करा, तोंडाला मास्क लावून.

———

उगाच_बोलतो | सोमवार, दुपारी १२:१५

एवढं डोकं कशाला लावता, पाडून टाका आणि बिल्डरला द्या. पंचवटीत जागेला सोन्याचा भाव आहे. तुळया मोजत बसलेत.

———

पंचवटीची_लेक | सोमवार, दुपारी २:४०

उगाच बोलतो, तुमचं नाव बरोबर ठेवलंय तुम्ही.

मी आर्किटेक्टकडे काम करते म्हणून कागदाचं थोडं सांगते. राहती खोली म्हणायची तर राष्ट्रीय बिल्डिंग कोडमधे उतरत्या छपराला सरासरी उंची २.७५ मीटर आणि सगळ्यात कमी, म्हणजे कडेला, २.४ मीटर धरलीये. तुमची सरासरी सव्वासहा फूट, म्हणजे १.९ मीटर. त्यामुळे कागदावर ही बेडरूम म्हणून उभी राहत नाही, माळाच राहणार. घरातल्या घरात अभ्यासाला बसायला कोणी येऊन मोजत नाही हे मला माहीत आहे, पण सिंहस्थात भाड्याने द्यायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच सोडा. एकच उभा दादर, लाकडी जमीन, आणि वर दहा परकी माणसं झोपलेली, रात्री काही पेटलं तर उतरणार कुठून?

छप्पर तीन फूट उचलून घ्या असंही कोणीतरी सुचवेल. आहे त्याच उंचीला कौलं, वासे बदलणं ही दुरुस्ती, पण उंची वाढवली की नवीन बांधकाम, त्याला महापालिकेची परवानगी लागते, २०२० च्या नव्या नियमावलीप्रमाणे नकाशे करून द्यावे लागतात, आणि शेजारच्यांशी भिंत सामाईक असेल तर त्यांचंही म्हणणं येतं. त्याच्याही आधी जुनी भिंत ते वाढीव वजन घेते का हा प्रश्न.

वायरिंग बघितलीत का? माळ्यावर अजून लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग असेल तर बाकी काही करा न करा, ती आधी काढा. आणि वर मोरी किंवा संडास कोणी कितीही गळ घातली तरी नको. लाकडाच्या डोक्यावर पाणी ठेवायचं नसतं.

———

गंगाघाटची_सून | पुढचा रविवार, रात्री ८:२०

अपडेट देते, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

आधी वाटी. नवरा चालला आणि पाणी सांडलं. तो म्हणाला मी जोरात चाललो, परत करू. परत केलं. परत सांडलं. मग अण्णा (हो, अण्णाच!) स्वतः चालून बघायला आले, ते पंचावन्न किलोचे, त्यांच्या चालण्याने पाणी नुसतं थरथरलं, तर म्हणे बघा, माझ्या वजनाला काही होत नाही. पोती कुठे ठेवायचात विचारलं तर म्हणाले भिंतीला लागूनच, अजून कुठे. नंतर जरा वेळ काही बोलले नाहीत.

रंधेवाल्या दादांनी सांगितलं तसं आठही टोकं टोचली. सात ठीक. तिसऱ्या तुळईचं मागच्या भिंतीकडचं टोक, जिथं दर पावसाळ्यात डाग यायचा आणि आम्ही दर दिवाळीला त्यावर रंग मारायचो, तिथं पेचकस मुठीपर्यंत आत गेला. काहीच जोर लावला नव्हता मी. बाहेर काढला तर टोकाला ओलसर काळं भुसकट, वास कुजलेल्या पाल्यासारखा. त्याच्या बरोबर खाली मुलीचा पलंग आहे. होता. त्याच रात्री सरकवला.

तर आता ठरलंय ते असं. स्ट्रक्चरल इंजिनियर गुरुवारी येतोय, टेकू उद्याच लागतोय. पावसाळ्याच्या आत पन्हळ आणि ते टोक, एवढंच करायचं. दादर बदलून घ्यायचा, खालच्या खोलीतली थोडी जागा गेली तरी चालेल. माळ्याची खोली होणार नाही, काचेच्या कौलाखाली एक बसकं टेबल आणि एका माणसाची जागा होईल का ते गर्डरचं ठरल्यावर इंजिनियरला विचारीन, तेही उन्हाळा सोडून. रात्री दहाचा आकडा आठही दिवस ३४ च्या खाली आला नाही, सिडकोकर दादा. सिंहस्थाच्या पाहुण्यांना वरच्या दोन खोल्यांत गाद्या टाकू, नाहीतरी सगळे रामकुंडावरच जाणार आहेत, घरात थांबणार कोण.

टेकू लावायचा म्हणून वजन कमी करायला माळा रिकामा केला. पुराचं सामान बहुतेक भंगारात गेलं, पण त्याच्या मागे आजेसासूबाईंची तांब्याची दोन घंगाळं आणि पितळेची सहा मोठी पातेली निघाली, आतून पार काळी. पातेल्यांना कल्हई करणारं कोणी राहिलंय का आता?

———

रंधेवाला | रविवार, रात्री ९:०५

पलंग सरकवलात ते बेस्ट केलंत. टेकू लावताना खाली फळी टाका, नुसता फरशीवर ठेवू नका, आणि वर पाचर हलकेच ठोका, तुळई वर उचलायची नाहीये, फक्त धरायचीये.

कल्हईसाठी जुन्या तांबट लेनला जाऊन विचारा. सकाळी जा.